थंड डोंगरांतील दोघांचा तंबू

आपल्या मराठी भाषेंत तंबूसाठीं शब्दांची वानवा नाहीं. सरदाराचा डेरा, शिपायाची राहुटी, फिरस्त्याचें पाल, समारंभाचा शामियाना व त्याच्या भोंवतीची कनात, हे सारे शब्द आपल्या वाडवडिलांच्या नित्य परिचयाचे होते. तंबू ज्या दोऱ्यांनीं ताणून धरावयाचा त्या दोऱ्यांस तणावे म्हणत व तणावे ज्यांस बांधावयाचे त्या मेखा. परंतु हे सर्व निवारे मुख्यतः ऊन व पाऊस यांच्यासाठीं होते. हिमवर्षाव व उंच डोंगरावरील झंझावात यांच्याशीं त्यांची फारशी गांठ पडत नसे. आतां काळ पालटला आहे. आपल्याकडील पुष्कळ मुलेंमुली सुट्टींत हिमालयाच्या वाटा तुडवूं लागलीं आहेत. आणि पालक आम्हांस विचारूं लागले आहेत कीं, दुकानांत दहा तऱ्हेचे तंबू दिसतात, त्यांतला चांगला कोणता हें ओळखावें कसें?

या प्रश्नाचा विचार ज्यांना अगदीं जिवावर उदार होऊन करावा लागतो, असा एक वर्ग उत्तर अमेरिकेंत आहे. अलास्का व रॉकी पर्वत येथें शरद ऋतूच्या अखेरीस डोंगरांत शिकारीस जाणारे लोक ते हे. आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें वन्य पशूंची शिकार बंद झालेली आहे व ती बंद आहे हेंच योग्य होय. तिकडे मात्र ठराविक दिवसांत, परवाना काढून व सरकारी नियम पाळून ती करितां येते. शिकारीचें समर्थन करणें हा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या तंबूपासून जें शिकण्यासारखें आहे तेवढेंच येथें घ्यावयाचें आहे. हे शिकारी बहुधा दोघे जोडीनें जातात, सर्व सामान स्वतःच्या पाठीवर नेतात व वस्तीपासून दूर आठ-दहा दिवस राहतात. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, डोंगर चढणाऱ्या इतर प्रवाशांचें ओझें शिधा संपेल तसें कमी होत जातें. शिकाऱ्याचें ओझें मात्र शेवटच्या दिवसांत एकदम वाढतें. एल्क नांवाच्या मोठ्या हरणाच्या नराचें मांस हाडें काढून टाकल्यावरही नव्वद-शंभर किलोंच्या घरांत भरतें व तें पाठीवरून चार-पांच खेपा करून आणावें लागतें. म्हणून त्यांच्या तंबूंत एक तोळाही व्यर्थ असून चालत नाहीं आणि त्याच वेळीं तो दुबळा असूनही चालत नाहीं.

आतां मुख्य सिद्धांत प्रथम सांगून टाकतों. तंबू ऊब देत नाहीं. ऊब देतें आपलें शरीर. ती राखतें अंगावरील पांघरूण व अंगाखालील अंथरूण. तंबूचें काम दोनच शत्रूंना बाहेर ठेवण्याचें आहे. एक वारा व दुसरें पाणी. पातळ कापडाच्या तंबूंत बाहेरच्यापेक्षां हवा थोडेच अंश उबदार असते. बाहेर शून्याखालीं पंधरा अंश असतां आंत दहा-बारा अंश असले तर त्यांत समाधान मानावें. परंतु वारा थांबला व अंग कोरडें राहिलें, तर तेवढ्याच थंडींत माणूस सुखानें झोपतो. आणि अंग भिजून वारा लागला, तर शून्याच्या वर तीन-चार अंश असतांही तो मरणाच्या दारीं जातो. थंडीनें दगावलेल्यांपैकीं पुष्कळ जण कडक हिवांत नव्हे, तर अशा ओल्या, वाऱ्याच्या, वरवर साध्या वाटणाऱ्या हवेंत दगावतात. पिसें भरलेली झोपण्याची पिशवी एकदां भिजून गोळा झाली कीं तिचा उपयोग जवळजवळ संपतो. तेव्हां ज्या रात्रीं आभाळ निरभ्र आहे, वारा पडलेला आहे, त्या रात्रीसाठीं तंबू विकत घ्यावयाचा नसतो. त्या रात्रीं तंबूवांचूनही निभावेल. तंबू घ्यावयाचा तो दहा रात्रींतल्या सर्वांत वाईट रात्रीसाठीं.

ही वाईट रात्र कशी असेल तें जागेवर अवलंबून आहे, म्हणून दोन ठिकाणें ताडून पाहूं.

पहिलें ठिकाण अलास्काच्या उत्तरेस असलेली ब्रूक्स पर्वतांची रांग. ती बहुतेक आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे आहे. येथें डॉल नांवाच्या पांढऱ्या रानमेंढ्यांची शिकार ऑगस्ट-सप्टेंबरांत चालते. वैमानिकाच्या मागें एकच उतारू बसेल अशा चिमुकल्या विमानानें नदीकांठच्या गोट्यांवर उतरावयाचें. तेथील नियमाप्रमाणें, ज्या दिवशीं विमानानें आलों त्या दिवशीं मोठ्या जनावरांची शिकार करावयाची नसते; अर्थात् पहिली रात्र तंबूंत काढणें ओघानेंच आलें. हा प्रदेश बहुतांशीं वृक्षहीन आहे. सरपण नाहीं व वाऱ्याला आडोसाही नाहीं. ऑगस्ट अखेरीसही बर्फ पडूं शकतें आणि धुकें दाटलें म्हणजे नेण्यास येणारें विमान दिवसच्या दिवस येत नाहीं. अशा वेळीं दोघे माणसें तंबूंत अडकून पडतात.

दुसरें ठिकाण रॉकी पर्वतांतील कोलोरॅडो. येथें एल्कच्या शिकारीचे दिवस नोव्हेंबरापर्यंत लांबतात. थंडी येथें अधिक व हिमवर्षावही अधिक. परंतु सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत अरण्य असल्यामुळें आडोसा मिळतो व वाळलेलीं लांकडेंही मिळतात. या एका फरकानें तंबूची निवड पार बदलते. लांकूड जेथें आहे तेथें पुष्कळ शिकारी तळ नसलेला, मधल्या एकाच खांबावर उभा राहणारा शंकूच्या आकाराचा तंबू नेतात आणि त्यांत टायटॅनियमची घडीची शेगडी मांडतात. तिचें वजन नळीसह किलो-दीड किलो असतें. आपल्या ध्यानांत येईल कीं, हें सुधारलेलें पालच झालें! रात्रभर ऊब मिळावी म्हणून ती शेगडी नसते. एवढीशी शेगडी तासाभरांत विझते. तिचा खरा उपयोग भिजलेले मोजे, हातमोजे व बूट वाळविण्याचा. आठ दिवसांच्या मुक्कामांत ही गोष्ट लाखमोलाची ठरते. उलट, ब्रूक्सच्या उघड्या माळावर तीच शेगडी म्हणजे पाठीवरचें निरुपयोगी लोखंड. तेथें तळ असलेला, दुहेरी कापडाचा, वाऱ्यापुढें वांकून पुन्हां उभा राहणारा तंबूच हवा. तेव्हां "उत्तम तंबू कोणता?" या प्रश्नास "कोठें नेणार?" हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय जो उत्तर देतो, तो दुकानदार असेल, जाणता नव्हे.

आतां आंतल्या जागेचा विचार. "दोन माणसांचा" असें तंबूवर लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ इतकाच कीं, दोन माणसें शेजारीं शेजारीं निजूं शकतील. असा तंबू साधारणपणें सव्वादोन मीटर लांब व सवा ते दीड मीटर रुंद असतो. म्हणजे दर माणशीं पाऊण मीटरदेखील पुरतें मिळत नाहीं. उन्हाळ्यांत हें चालतें. थंडींत पांघरुणें फुगीर असतात, अंथरुणें जाड असतात, आणि त्यांत ओले कपडे, बंदूक, दुर्बीण, बूट, स्वयंपाकाचा स्टोव्ह यांची भर पडते. आणखी असें कीं, झोपण्याची पिशवी तंबूच्या उतरत्या कापडाला टेकली तर कापडावरील ओल तिच्यांत उतरते. म्हणून उंच माणसानें तंबूची लांबी नुसती ऐकून घेऊं नये. आंत निजून, डोकें व पाय कोठें लागतात तें पाहावें. आणि तंबूला पडवी पाहिजेच. आंतल्या खोलीबाहेर, पण वरच्या आच्छादनाखालीं जी मोकळी जागा असते तीच ही पडवी. दोन दारें व दोन पडव्या असल्यास फारच सोय. कारण मध्यरात्रीं एकास बाहेर जावें लागलें तर दुसऱ्याच्या अंगावरून जावें लागत नाहीं. अडकून पडलेल्या दोन माणसांचा स्नेह टिकविण्यास असल्या लहान सोयी किती उपयोगी पडतात तें अनुभवी लोक जाणतात.

लहान तंबूंतील लहान गोष्ट किती महाग पडते याचें एक सुप्रसिद्ध उदाहरण आहे. २८ मे १९५३ च्या रात्रीं एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे हे एव्हरेस्टवर सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर दोघांच्याच तंबूंत होते. तंबू उभारण्यास सपाट जागा नव्हती व मेखा ठोकण्यास माती नव्हती. तेव्हां त्यांनीं प्राणवायूचीं नळकांडीं बर्फांत पुरून त्यांस तणावे बांधले. पहांटे हवा शून्याखालीं सत्तावीस अंश होती. हिलरीनें रात्रीं काढून ठेविलेले बूट सकाळीं लांकडासारखे गोठले होते. ते स्टोव्हवर शेकून मऊ करण्यांत सुमारें दोन तास गेले. ज्या दिवशीं घटकान् घटका मोलाची, त्या दिवसाचा आरंभ असा झाला. बूट कोरड्या पिशवींत घालून पांघरुणांत घेऊन निजावें हा धडा थंड प्रदेशांतील प्रत्येक प्रवाशानें त्यावरून घ्यावा. आणि त्या पिशवीस पुरेल इतकी जागा तंबूंत आहे ना, हें घेतांनाच पाहावें.

यानंतर तंबूचा सांगाडा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. ताशीं चाळीस किलोमीटरांचा वारा ऐंशीचा झाला तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून उंच, सरळ भिंतींचा तंबू पाहावयास ऐसपैस वाटला तरी डोंगरावर तो टिकत नाहीं. टिकतात ते तीन आकार. पहिला घुमटाचा. यांत काठ्या एकमेकींस अनेक ठिकाणीं छेदतात, त्यामुळें वारा कोणत्याही दिशेनें आला तरी भार सर्वांवर वांटला जातो. घुमटावर बर्फही फार सांचत नाहीं. नॉर्थ फेस या अमेरिकन कारखान्यानें १९७५ मध्यें बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटरचनेवरून असा तंबू बाजारांत आणला. तेव्हांपासून हा आकार रूढ झाला. दुसरा आकार बोगद्याचा. हा वजनानें हलका व आंतून प्रशस्त. परंतु त्याचें तोंड वाऱ्याच्या रेषेंत ठेवावें लागतें आणि मेखा पक्क्या नसतील तर तो उभाच राहत नाहीं. तिसरा शंकूचा, ज्याचा उल्लेख वर आला आहे. काठ्या मिश्र अॅल्युमिनियमच्या असाव्यात. आणि बर्फाच्या भाराचा अदमास घ्यावा. ताजें भुसभुशीत बर्फ घनमीटरास पन्नास ते शंभर किलो भरतें. तीन चौरस मीटरांच्या छपरावर वीतभर थर सांचला तरी तीस ते साठ किलो भार झाला! म्हणून तंबू कितीही मजबूत असला तरी हिमवर्षावाच्या रात्रीं दोघांनीं पाळीपाळीनें उठून आंतून कापड झटकावें लागतें.

कापडाविषयीं थोडेंच सांगणें पुरे. नायलॉन हलकें व चिवट. पण तें ओलें झालें कीं सैल पडतें, म्हणून संध्याकाळीं ताठ ताणलेला तंबू मध्यरात्रीं फडफडूं लागतो. पॉलिएस्टर तितकें सैलावत नाहीं. कापडावर सिलिकॉनचा लेप असेल तर तें सहजासहजीं फाटत नाहीं. जाड सुती कापडाचे तंबू रॉकी पर्वतांत आजही वापरतात, पण ते घोड्यांच्या पाठीवरून नेण्याचे, माणसाच्या नव्हेत. कापडाहूनही महत्त्वाचें हें कीं, वरचें आच्छादन चारही बाजूंनीं जमिनीच्या अगदीं जवळ आलेलें असावें. उन्हाळी तंबूंत तें वर राहतें व आंतली भिंत जाळीची असते. अशा तंबूंत वारा बर्फाचा भुगा उडवून आंत आणतो आणि सकाळीं पांघरुणावर पांढरी रांगोळी दिसते.

येथें एक विरोध उत्पन्न होतो. वारा आंत येऊं नये म्हणून सर्व फटी बुजवाव्या, तर दुसरें पाणी आंतूनच जन्मास येतें. दोन माणसांच्या श्वासांतून व त्वचेंतून एका रात्रींत सुमारें अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतें. ती वाफ थंड कापडाला लागून तिचे थेंब किंवा दंव होतें आणि पहांटे तेंच अंगावर पडतें. एकेरी कापडाचा तंबू वजनानें हलका असला तरी त्यांत हा त्रास फार. दुहेरी तंबूंत वाफ आंतल्या पातळ पडद्यांतून निघून बाहेरच्या आच्छादनावर गोठते व निजणारे कोरडे राहतात. म्हणून दुहेरी तंबू घ्यावा, माथ्याशीं झरोका आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि कितीही थंडी वाजली तरी तो झरोका सताड बंद करूं नये.

झरोक्याचें दुसरें कारण याहून गंभीर आहे. बंद जागेंत स्टोव्ह किंवा शेगडी जळत असतां कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणसास झोंप येते व ती झोंप अखेरची ठरते. १९३४ सालीं अॅडमिरल रिचर्ड बर्ड हे अंटार्क्टिकांत बर्फाखालच्या एका खोलींत हिवाळाभर एकटे राहिले असतां स्टोव्ह व यंत्र यांच्या अशाच धुरानें मृत्यूच्या दारांत जाऊन आले. तंबूची जागा तर त्या खोलीहूनही लहान. यास्तव स्वयंपाक पडवींत करावा, दार उघडें ठेवून करावा, आणि पेटलेला स्टोव्ह शेजारीं ठेवून कधींही निजूं नये. जेथें अस्वलांचें भय आहे तेथें तर तंबूजवळ रांधणेंही वर्ज्य; शिधा व मांस दूर ठेवावें लागतें.

मेखा व तणावे हे लहान म्हणून कोणी त्यांकडे लक्ष देत नाहीं, पण तंबूचा जीव त्यांतच असतो. जुलै १९११ मध्यें अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यांत विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विनचीं अंडीं आणण्यास केप क्रोझियरला गेले होते. वादळानें त्यांचा एकुलता एक तंबू उचलून नेला. तंबूशिवाय परतणें शक्य नव्हतें. तिघेही मरणाची वाट पाहत पडले. वारा ओसरल्यावर तो तंबू सुमारें अर्ध्या मैलावर उतारावर सांपडला व त्यामुळेंच ते जिवंत परत आले. असा दैवयोग पुन्हां पुन्हां येत नाहीं. दुकानांतून तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक मेखा बर्फांत किंवा खडकांत धरत नाहींत. बर्फासाठीं रुंद पात्याच्या मेखा घ्याव्या, अथवा पिशव्यांत बर्फ भरून त्या आडव्या पुराव्या. खडकाळ जागीं मोठ्या दगडांस तणावे बांधावे. त्यासाठीं चार जादा दोऱ्या नेहमीं जवळ असाव्या. जागा निवडतांना दरीच्या तळाशीं उतरूं नये, कारण रात्रीं थंड हवा पाण्यासारखी खालीं वाहत येऊन तेथें सांचते. आणि धारेवरही राहूं नये, कारण तेथें वारा. मध्यें थोडी उंच, आडोशाची जागा पाहावी, वर हिमकडा किंवा सुटे दगड नाहींत याची खात्री करून घ्यावी.

शेवटीं वजन. तरुण मंडळी येथेंच चुकतात. उन्हाळी हलका तंबू दीड किलोचा, थंडीचा मजबूत तंबू तीन किलोंचा. दुप्पट वजन ऐकून मन कचरतें. परंतु तंबू दोघांचा आहे. एकानें कापड घेतलें, दुसऱ्यानें काठ्या व मेखा घेतल्या, तर प्रत्येकाच्या वांट्यास पाऊण किलोच अधिक येतो. पाऊण लिटर पाण्याइतक्या वजनासाठीं सर्वांत वाईट रात्रीचा निवारा सोडणें हा हिशेब शहाणपणाचा नव्हे. वजन कमी करावयाचेंच असेल तर जादा कपडे, जादा भांडीं, जादा शिधा यांतून करावें. मात्र एकाजवळ कापड व दुसऱ्याजवळ काठ्या असतां दोघांनीं एकमेकांची चुकामूक होऊं देतां कामा नये. कारण अर्धा तंबू हा तंबूच नव्हे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे उद्यां हिमालयांत जातील त्यांस व त्यांच्या पालकांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. किंमत व रंग पाहण्यापूर्वीं जागा, ऋतु व मुक्कामाचे दिवस लिहून काढा. तंबू संस्थेकडून मिळणार असेल तर तो दुहेरी आहे काय, आच्छादन जमिनीपर्यंत येतें काय, झरोका व पडवी आहे काय, तणावे शाबूत आहेत काय, हे प्रश्न निःसंकोचपणें विचारा. आणि निघण्यापूर्वीं दोघांनीं मिळून तो तंबू अंगणांत पांच वेळां उभारा; एकदां अंधारांत व एकदां हातमोजे घालून. बोटें बधिर झालीं असतां, वारा कानांत घोंघावत असतां, जें हातांस आपोआप येतें तेंच खरें ज्ञान. पुस्तकांतून आलेलें ज्ञान त्या वेळीं पाठीवरच्या पिशवींतच राहतें.